डाव्या भिंतीपाशी

लिफ्टमध्ये मी सगळ्यात शेवटी शिरलो. आत आधीच दाटी होती. एका बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल, कोपऱ्यात एक म्हातारा एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून उभा, बाकी नुसती डोकी. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो आणि सवयीनं कंबर हलवायला लागलो. दार बंद होईना. मी बटण दाबलं. दार ढिम्म. मागं वळलो तर सगळे माझ्याकडेच बघत होते. लोक बघायला लागले की आपण हसावं, त्यात आपलं काही जात नाही, म्हणून मी हसलो. तेव्हा ती मूलवाली बाई म्हणाली, "काका, तुमच्यामुळे वाजतंय ते." मी म्हटलं, "काय वाजतंय?" सगळी लिफ्ट खो खो हसली. त्यांना वाटलं, काय गमत्या माणूस आहे. म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, "अहो, वजन जास्त झालंय. उतरा म्हणजे थांबेल." मी उतरलो. लगेच दार मिटलं, म्हणजे ते थांबलं असणार. मी त्या बंद दारासमोर उभा राहून कान देऊन ऐकत राहिलो, जसं काही उरलंसुरलं थोडं तरी फटीतून येईल. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरनं नुकतीच पाठीवर थाप मारून सांगितलं होतं की तुमचे कान पंचविशीतल्या पोरासारखे आहेत.

जिन्यानं उतरलो. उतरताना ती काचेची खोली डोळ्यासमोरून हलेना. आमच्या कारखान्याच्या अग्निशमन दलातल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तिथे बसवतात, कानांवर ठोकळे चढवतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे एक मुलगी आवाज सोडत असते. मागच्या आठवड्यात जेवताना मेहुण्यानं, तोही आमच्याच दलात, गंमत म्हणून सांगितलं होतं, "भाऊजी, ती पोरगी ना, आवाज सोडायच्या आधी दर वेळी मान अशी तिरकी करते, चिमणीसारखी. मला आत बसून इतकं हसू येत होतं!" हे सांगताना तो ताटातून वर बघत नव्हता. आणि आज मी आत बसलो, आणि सुरुवातीचे जाडे आवाज आले तसे पुढचे येईनात. मग मान तिरकी झाली की मी बटण दाबलं. फसवाफसवी करतोय असं तेव्हा वाटलंच नाही, अगदी खरं सांगतो. वाटलं, यंत्र हळू लावून ठेवलंय यांनी, फुकटे मेले. माणूस स्वतःशी किती गोड बोलतो! मेहुण्यानं मला ती गंमत का सांगितली, हा प्रश्न मला जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडला, आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. लोक बाजूनं जात होते. बहुतेक कुणीतरी "जरा सरका" म्हणालं असेल.

तसा मी बहिरा नाही. ट्रकवाल्याची शिवी मला लांबून ऐकू येते. साहेबांचा जाडा आवाज येतो, कारखान्याचा भोंगा तर पोटात शिरतो. आमचे दोन बंब आहेत, एक पाण्याचा आणि एक फेसाचा. कारखाना रंगाचा, रंगाला लागणारी पातळ द्रव्यं पाण्यावर तरंगत पेटतात, तिथे नुसतं पाणी मारणं म्हणजे आगीला ताटात वाढून देणं, म्हणून फेसाचा बंब. हा जुना. त्याचा पंप मागच्या बाजूला, उघडा. माझी सगळी उमेदवारी त्या पंपाशेजारी गेली, आणि डोक्यावर भोंगा. तेव्हा कानात कापूस घालणाऱ्याला आम्ही नवरी म्हणायचो. पंपाचा आवाज मला अजून इतका स्पष्ट येतो की हवा ओढतोय की पाणी, हे मी डोळे मिटून सांगीन. म्हणजे गेलं ते वरचं, बारीक बारीक. रातकिडे गेले. आठवतंय मला, घराच्या गच्चीत बसून मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "कारखान्याच्या वाफेनं रातकिडेसुद्धा मारले बघा, एक ओरडत नाही." बायको आणि मेहुणा एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, आपल्या बोलण्यानं दोघं गंभीर झालीत. मग मी पर्यावरणावर आणखी बरंच बोललो. आणि आधी स्वयंपाकघरातूनच हाका मारणारी माझी बायको अलीकडे हात पुसत बाहेर येते, अगदी माझ्यासमोर उभी राहते आणि मग बोलते. मी समजत होतो, उतारवयात प्रेम वाढतं म्हणतात ते हेच असावं.

कंबर हलवायचं सांगायला हवं, नाहीतर लोक भलतंच समजतात. आमच्या पट्ट्याला एक डबी असते, तळहाताएवढी. तिला आम्ही रडकी म्हणतो. धुरात शिरलेला माणूस पडला, बेशुद्ध झाला, थोडा वेळ निपचित राहिला की ती आपोआप किंचाळायला लागते, म्हणजे बाहेरच्यांनी आवाजाच्या रोखानं जाऊन त्याला ओढून काढायचं. धुरात डोळ्याला डोळा दिसत नाही, तिथे पडलेल्याचा सगळा जीव त्या किंकाळीत. पण रडकीला बेशुद्ध माणूस आणि आराम करणारा माणूस यांतला फरक कळत नाही. नुसतं उभं राहिलं तरी गळा काढते. म्हणून आम्ही सगळे उभ्या उभ्या हलत असतो. चहाच्या टपरीवर दलातली माणसं रांगेनं उभी असली की बघणाऱ्याला वाटतं यांना लघवीला लागलीय. हळूहळू ते अंगात मुरतं. लग्नात, दवाखान्यात, कुणाच्या मयताला, मी हलतच असतो. बायको दटावते, "अहो, किती हलताय? पाळण्यात बसलाय का?" मेहुणा दलात लागला तेव्हा त्यालाही हीच सवय लागली. जेवायला आला की आम्ही दोघं दारात उभे राहून हलायचो आणि ती कपाळावर हात मारायची.

दुपारपाळीला दलात पोचलो. अंगणात दोन्ही बंब धुऊन उभे होते. कपाटातून माझी रडकी काढली, पट्ट्याला लावली, बटण दाबलं आणि फेसाच्या बंबामागं जाऊन थांबलो. हलायचं नाही म्हणजे किती अवघड जातं! गुडघे आपोआप लवायला बघतात. मी बंबाच्या पत्र्याला हात टेकून स्वतःला धरून ठेवलं. पत्रा उन्हानं तापला होता. काही झालं नाही. सगळ्याच रडक्यांवरचे दिवे तर कधीच फुटलेले. म्हटलं, सेल संपलाय, एवढंच! इतकं हलकं वाटलं मला, म्हटलं लिफ्टचंही काहीतरी बिघडलं असेल, शहरात काय धड चालतंय. ती बंद करून दुसरी रडकी लावली. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा शांत. आणि मग अंगणापलीकडे कुंड्यांना पाणी घालणारा माळी दिसला. त्यानं पाइप खाली टाकला होता आणि दोन्ही हात कानांवर दाबून माझ्याकडे बघत होता. तोंड हलत होतं त्याचं. तेवढ्यात मेहुणा आतून धावत आला, त्यानं माझा खांदा धरून मला गदागदा हलवलं, माझ्याआधी माझ्या पट्ट्यापाशी हात नेला. माळ्यानं कानांवरचे हात काढले. मेहुणा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तोंडाकडे तोंड करून, त्याच्या बहिणीसारखाच, आणि म्हणाला, "बंद पडलीय वाटतं ही. द्या इकडे, भाऊजी, सेल बदलून ठेवतो."

मी दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ त्यानं झाकून धरली होती, माझी मूठ, त्याच्या हातात.

बंबाच्या पायरीवर बसलो. दलात मला वाघूळ म्हणतात. कारण आहे त्याला. ड्रमच्या शेडला आग लागली होती तेव्हा माझा त्या वेळचा जोडीदार आत पडला, चार माणसं शोधून परत आली, आणि मी शिरलो तो सरळ त्याच्यापाशी गेलो. रडकी ऐकू येत होती मला. ड्रम फुटत होते, पत्रे कोसळत होते, त्या सगळ्यातून ती बारीक किंकाळी मला सुईसारखी वेगळी येत होती, मी दोऱ्यासारखा तिच्या मागं गेलो. तेव्हापासून वाघूळ. तो जोडीदार अजून जिवंत आहे, गावी दुकान चालवतो. आणि आता सराव. अंगणाच्या टोकाला मालाचे दोन जुने कंटेनर जोडून केलेली धुराची खोली आहे. तिच्यात यंत्रानं धूर भरायचा, एकानं आत जाऊन पडायचं, दुसऱ्यानं शोधायचं. माझा जोडीदार मेहुणा. सगळ्यांत लवकर जोडीदाराला शोधून काढतो तो मी. बाकीच्यांना जेवढा वेळ चाचपडायला लागतो तेवढ्यात मी त्याची कॉलर धरून दारात आलेला असतो. साहेबांनी नव्या पोरांना माझं उदाहरण दिलंय. मला वाटायचं, मी इतका चटकन पोचतो की रडकीला रडायला वेळच मिळत नाही, म्हणून आवाज येत नाही. हसू नका. असं वाटायचं मला. आज पायरीवर बसून मी एकेक सराव आठवला, आणि प्रत्येक सरावात तो डाव्या भिंतीपाशी होता. कधी शिडीखाली, कधी पिंपामागं, पण डावी भिंत. मी उजव्या हाताचा माणूस, शिरलो की डावा हात भिंतीला टेकवतो आणि उजव्यानं पुढचं चाचपतो, हे त्याला माहीत, कारण मीच त्याला शिकवलं होतं. पुष्कळदा त्याचा पाय माझ्या वाटेत येईल असा पसरलेला असायचा. मी म्हणायचो, "गड्या, तुला नीट पडतासुद्धा येत नाही." तो हसायचा.

राग आला मला. कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही. माझं वय झालंय म्हणून पोरंटोरं लाड करायला लागली की जसा येतो तसला राग. आणि त्याच्या खाली भीती. सरावातली खोली मेहुण्याच्या हातात आहे. खरी आग कुणाच्या हातात नसते. खऱ्या आगीत तो कुठे पडेल ते तो ठरवणार नाही, आणि मी मात्र डाव्या भिंतीपाशी जाईन. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याची रडकी किंचाळत राहील आणि मी हातभर अंतरावरून त्याला ओलांडून जाईन, चांगला कान देऊन. त्याची मुलगी अजून रांगते. माझी बायको त्याच्याहून खूप मोठी, तिनं त्याला कडेवर वाढवलंय, आणि त्याला या नोकरीला लावलं ते मी. "माझ्याबरोबर ठेवीन त्याला," मी तिला म्हटलं होतं, "कशाला घाबरतेस?"

तो रडक्यांचे सेल बदलत बसला होता. चांगले सेल काढून चांगले घालत होता. मी त्याच्यापाशी गेलो.

"आज सराव आहे ना?"

"आहे. साडेचारला."

"आज दुसरीकडे पड."

त्यानं वर बघितलं. "दुसरीकडे म्हणजे?"

"तुला कळतंय मी काय म्हणतो ते."

"भाऊजी, कशाला उगाच? चाललंय ते बरं चाललंय."

"पड म्हटलं ना!"

त्याच्यावर मी कधी ओरडलो नव्हतो. लग्नात माझे बूट लपवले होते त्यानं, एवढासा होता, तेव्हाही नाही. त्यानं हातातला सेल खोक्यात टाकला. मग म्हणाला, "आणि नाही सापडलो तर?"

"तर नाही सापडलास."

"ताईला काय सांगायचं मग?" तो म्हणाला, आणि जे इतके दिवस कुणी उच्चारलं नव्हतं ते असं, सेलांच्या खोक्यावरून, बोलून झालं.

सरावाच्या वेळी फेसाच्या बंबाचा पंप चालू ठेवायचा असतो, इंजिन गरम राहावं म्हणून. तो घरघरत होता. साहेब दारापाशी उभे. आमचे साहेब वयानं माझ्या पोरासारखे, पण शिस्तीचे, सगळ्यांना अहोजाहो करतात. मेहुणा आत गेला. दार लागलं. आम्ही बाकीचे बाहेर उभे राहून हलत होतो. मग साहेबांनी हात केला आणि मी मास्क चढवला.

आत शिरलो की पहिलं ऐकू येतं ते स्वतःचं. श्वास आत, झडप उघडते, श्वास बाहेर, झडप मिटते. एवढं एक मला येतं, फार मोठ्यानं येतं. धूर पांढरा, दुधासारखा, मास्कच्या काचेला चिकटलेला. विजेरी लावली तर आणखी पांढरा. डावा हात भिंतीला टेकला आणि चालायला लागलो, म्हणजे रांगायलाच. मी त्याला दुसरीकडे पड म्हणून सांगितलं होतं, आणि मीच पुन्हा डावीकडे वळलो. शरीर असं असतं. शिडीखाली हात घातला. काही नाही. पिंपामागं घातला. काही नाही. मनातल्या मनात मी त्याला म्हटलं, शहाणा आहेस, ऐकलंस माझं. आणि त्याच क्षणी असंही म्हटलं, गाढवा, का ऐकलंस? मग भिंत सोडली. भिंत सोडू नये, हे मीच सगळ्यांना शिकवतो, भिंत सुटली की माणूस खोलीत नाही, धुरात असतो. थांबलो. श्वास धरला, झडपेचा आवाज बंद व्हावा म्हणून. ऐकलं. आता सांगतो, असं ऐकणं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. सगळं अंग कान करून ऐकलं. बाहेरचा पंप येत होता, तळपायातून. तो मंद, जाडा, जुना पंप, माझा. बाकी काही नाही. काही म्हणजे काही नाही. इथेच कुठेतरी एक डबी जीव तोडून किंचाळत असेल, आणि मी पूर्ण रिकामा. मला त्या वेळी लहानपण आठवलं, कशाला कुणास ठाऊक. आई हाक मारायची आणि मी खेळात मुद्दाम ऐकलं नाही असं करायचो. तेव्हा येत होतं सगळं.

किती वेळ फिरलो सांगता येत नाही. खोली एवढीशी, पण हात लागतील ते सगळे पत्रे, पाइप, पुन्हा पत्रे. एकदा बुटाला काहीतरी मऊ लागलं असं वाटलं, वळलो, चाचपलं, तर पसरलेला पाण्याचा होज. विजेरीच्या उजेडात छातीवरचा हवेचा काटा बघितला. तांबड्यात गेला होता. म्हणजे माझ्या स्वतःच्या टाकीची शिट्टी वाजायला लागली असणार, हवा संपत आली, मागं फिर, म्हणून. ती कानाच्या खाली वीतभर अंतरावर असते. माझी शिट्टी, माझ्यासाठी वाजत होती आणि ऐकू येत होती ती आत पडलेल्या मेहुण्याला. मला रडू आलं. मास्कमध्ये रडू नये, काच धुरकटते. पण आलं. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो आणि त्याला हाक मारली, नावानं. मास्कमधून कुठे पोचतंय? नुसता घोगरा आवाज. आणि मग मागून माझ्या खांद्यावर हात पडला. मऊ थोपटणं, रडणाऱ्या पोराला थोपटतात तसं. त्यानं माझी कॉलर धरली आणि मला दारापाशी नेलं.

बाहेर उजेड होता, सगळे उभे होते. मास्क काढल्यावर साहेब म्हणाले, "काय झालं आज, वाघूळ?"

मी तोंड उघडायच्या आत मेहुणा बोलला. "चूक माझी, साहेब. रडकी चालूच केली नव्हती मी. आत जाऊन पडलो आणि मग लक्षात आलं."

सगळे हलायचे थांबले. हा साधा गुन्हा नाही आमच्यात. रडकी बंद ठेवून धुरात शिरलेला माणूस दलात राहत नाही, मग तो सरावाचा धूर असो की खऱ्या आगीचा. साहेबांनी त्याच्या पट्ट्यावरची डबी काढली, बटण दाबलं आणि बंबाच्या पायरीवर ठेवून दिली. सगळे तिच्याकडे बघत थांबले. मीही बघत होतो. मग एकानं तोंड वाकडं केलं, दुसऱ्यानं मान फिरवली, त्यावरून मला कळलं की वाजतेय. साहेबांनी ती बंद केली. दार जाड, बाहेर पंप चालू, त्यामुळे खोलीतलं बाहेर कुणाला ऐकू आलेलं नव्हतं. आत होतो आम्ही दोघंच. साहेब माझ्याकडे वळले. "आत ही वाजत होती का नव्हती? तुम्ही सांगा."

आणि मला माहीत नव्हतं. हे कुणाला पटणार नाही, पण मला खरंच माहीत नव्हतं. मेहुणा खोटं बोलून माझ्यावर पांघरूण घालत होता, की मला नंतर सबब मिळावी म्हणून त्यानं खरोखरच बटण दाबलं नव्हतं, मी कसं सांगणार? त्या खोलीत जे घडलं त्याचा मी एकटा साक्षीदार, आणि साक्षीदार बहिरा. मेहुणा माझ्याकडे बघत होता. डोळ्यांनी सांगत होता, गप्प बसा. नुसतं गप्प बसायचं होतं. तो घरी बसला असता. तरणा आहे, दुसरीकडे कुठेतरी चिकटला असता. मी वाघूळ राहिलो असतो. आणि मग एखाद्या दिवशी माझ्या जोडीला दुसरा कुणीतरी आला असता, जो पडताना माझ्या वाटेत पाय पसरून पडत नाही.

"वाजत होती, साहेब," मी म्हटलं.

"ऐकलीत तुम्ही?"

"नाही."

"मग कशावरून सांगताय?"

"तो रडकी बंद ठेवून आत जाणार नाही. मी शिकवलंय त्याला." मग पुढचंही म्हटलं, कारण आता ते अडकवून ठेवण्यात अर्थ नव्हता. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरेच दिवस झाले असावेत. मला आज कळलं." कुणीतरी मागून काहीतरी बोललं. साहेबांनी हातानं त्याला गप्प केलं. ते काही वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या समोर आले, सावकाश, तोंड नीट दाखवत बोलायला लागले, लहान मुलाशी किंवा परदेशी माणसाशी बोलतात तसं, आणि मला कळलं की यापुढे सगळे असंच बोलणार.

मी विचारलं, "पंपावर तरी?"

त्यांनी मान हलवली. पंपवाल्यालाही शिट्टीच्या खुणा ऐकाव्या लागतात.

कपडे बदलायच्या खोलीत मेहुणा बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. त्याचा माझ्यावर इतका राग होता की नाडीची गाठ सुटेना, ओढून ओढून तिचा खडा झाला होता. "काय गरज होती?" तो म्हणाला. हे तो वर बघून म्हणाला, म्हणून मला आलं. "मी निभावलं असतं, भाऊजी. सांभाळत होतो की मी. तक्रार केली का कधी?"

"आणि तू खरंच पडला असतास तर?"

"मी कशाला पडतोय?"

"पडणारा असंच म्हणतो."

तो पुन्हा नाडीवर वाकला. मी पट्टा काढून खुंटीला लावला. रडकी त्यावरच राहू दिली. मग मी त्याला विचारलं, "एकच सांग. आत चालू होती का बंद?" तो पाठमोरा होता, वाकलेला. त्याचे खांदे हलले, मान किंचित हलली, म्हणजे तो काहीतरी बोलला. पुष्कळ बोलला. मी उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत होतो. पुन्हा सांग म्हणायचा धीर मला झाला नाही. तो उठला, माझ्याकडे न बघता बाहेर गेला, अंगणात नव्या जोडीदाराला साहेब त्याच्यापाशी उभं करत होते.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. या वेळी मी घरी कधीच नसतो. आपल्याच घरातलं दुपारनंतरचं ऊन मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं, ते भांड्यांच्या फळीपर्यंत येतं. बायको ओट्यापाशी काहीतरी चिरत होती, पाठमोरी. मी दारात उभा राहिलो. तिला सांगायचं होतं, पण ती वळल्याशिवाय कसं सांगणार? तिचं उत्तर मला तिच्या तोंडावर बघावं लागलं असतं. आणि तिला सांगायचं तरी काय, तिला सगळं माझ्याआधी माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, कळसा मीच. फक्त एवढंच सांगायचं राहिलं होतं की उद्यापासून तिचा भाऊ माझ्याशिवाय आत जाईल. तो पडला आणि रडकी वाजली तर जाणारा कुणी कान असलेला असेल. हे चांगलं आहे. हे मी तिला चांगलं म्हणून सांगणार होतो.

ती वळली. मला बघून दचकली. हातातली सुरी तशीच. घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कमरेकडे, जिथे रोजचा पट्टा नव्हता. भाऊ सुखरूप आहे का हे तिला पहिल्यांदा विचारायचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि मी मान हलवून आहे म्हटलं. मग तिला बाकीचं कळलं. ती हात न पुसताच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हलत नव्हतो. कसं आणि केव्हा थांबलो ते माझं मलाच कळलं नव्हतं, गुडघे, कंबर, सगळं जागच्या जागी, सामान उतरवून ठेवल्यासारखं. ती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत हळूहळू जे आलं ते मी ओळखतो, निपचित माणूस दिसला की पहिल्यांदा धुरात शिरणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत येतं ते.

तिनं ओल्या हातांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"अहो, हला की जरा," ती म्हणाली. "असे उभे राहू नका."